नसीमाभाबीची वज्रिका

सुलतानपुरात नसीमाभाबीचं घर विचारलं तर लोक आधी तिच्या नवऱ्याचं नाव घेतात. रहेमतुल्ला पिंजारी, गाद्या भरणारा. लग्नसराईत त्याच्या ओसरीवर कापसाचा असा धुरळा उडे की भर जवानीत त्या माणसाच्या भुवया पांढऱ्या दिसत. पण कापूस फुटायला लागला की गावातले मोठमोठे शेतकरी रहेमतुल्लाला नुसता सलाम ठोकून आत आवाज देत, "भाबी, तब्येतपाणी बरं हाय ना?" तिच्या तब्येतीशी त्यांना काय करायचं होतं! त्यांना वेचणीला बाया पाहिजे होत्या, आणि नसीमा ज्याच्या वावरात उतरेल त्याच्याच वावरात बाकीच्या बाया उतरत. हे गावाला ठाऊक होतं आणि नसीमाला तर पक्कं ठाऊक होतं. म्हणून ती आतूनच सांगे, "सांगते परवा," आणि गालातल्या गालात हसे.

बीटी कपाशीचं बियाणं येऊन तेव्हा पाचसहा वर्षं झाली होती. कपाशीची जुनी पऱ्हाटी दमानं फुटायची, आज या तासात, म्हणजे ओळीत, चार बोंडं, उद्या त्या तासात चार. बीटीला कुठला आलाय दम! साऱ्या गावाची वावरं एकाच आठवड्यात पांढरीफेक. आणि बाया तर गावात होत्या तेवढ्याच. मग एकेक बाई सोन्याची झाली. माणिकरावांसारखा मोठा शेतकरी, जो सख्ख्या भावाला चहा पाजताना दहादा विचार करेल, तो बायांसाठी वावरात भजी घेऊन यायला लागला.

आता नसीमात एवढं काय होतं? तर तिच्या घरी टीव्ही होता. टीव्ही पुष्कळांकडे होता हो, पण वीज कुठं होती? संध्याकाळ झाली की भारनियमन, आणि लोक अंधारात एकमेकांची तोंडं आठवत बसायचे. रहेमतुल्लानं मात्र एका ट्रॅक्टरवाल्याच्या गाद्या भरून देताना मजुरीऐवजी त्याची जुनी बॅटरी मागून आणली होती. तिच्यावर त्यांचा छोटा टीव्ही तासभर चाले. छतावर छत्री होती, ती कौलांत खोचलेली, वारा आला की रहेमतुल्ला वर चढून तिला वळवायचा आणि खाली नसीमा ओरडायची, "आला, आला, अब हिलो मत!"

त्या तासाभरात ती एकच मालिका बघायची. राजेराण्या, राक्षस, उडते घोडे असली एक मोठी हिंदी मालिका कितीतरी वर्षं चालली होती, त्यातलीच एक बाई होती वज्रिका. त्या मालिकेत ती मधूनमधून यायची, दोन वाक्यं बोलून धुरात गडप व्हायची. पण लोकांना आवडली. मग भावाभावांत वाटणी होऊन धाकटा वेगळी चूल मांडतो ना, तशी टीव्हीवाल्यांनी तिची वेगळी मालिका काढली. वज्रिकेनं देवांच्या वाट्याचा अमृताचा थेंब चुकून प्यालेला. त्यामुळं तिला मरण नाही. तिचा नवरा कालकेश नावाच्या राक्षसानं पळवलेला, आणि ही बिचारी युगामागून युगं त्याला शोधत हिंडते. जिच्यावर जीव लावावा ती माणसं म्हातारी होतात, मरतात, ही मात्र तशीच्या तशी तरुण.

नसीमाला हे सगळं फार लागायचं. तिचा जन्म खामगावचा. आई जिनिंगमध्ये कापसातला कचरा निवडायला जायची आणि हात चालता चालता बाकीच्या बायांना परीच्या, जिन्नाच्या गोष्टी सांगायची. नसीमा तेव्हा आईच्या पदराला धरून कापसाच्या ढिगावर बसलेली असायची. शाळा तिसरीत सुटली, पण गोष्ट कुठं थांबवायची आणि ऐकणारीचा जीव कुठं टांगायचा हे ती त्या ढिगावर शिकली. लग्न होऊन सुलतानपूरला आली, चार लेकरं झाली, फोमच्या गाद्या आल्या तसा रहेमतुल्लाचा धंदा बसत गेला आणि नसीमा वेचणीला जायला लागली. वज्रिका सुरू झाली त्या वर्षी तिची थोरली मदिहा लग्नाला आली होती.

वावरात बाया शेजारशेजारचे तास धरून पुढं सरकत. नसीमा मधल्या तासाला. तिचा आवाज पाचसहा तासांपर्यंत पोचायचा, त्यामुळं जी मागं राहील तिची गोष्ट चुकायची. मग काय, कोणी मागं राहीना! दुपारपर्यंत अर्धं वावर उरकलेलं असायचं. माणिकराव सुद्धा बांधावर पाहणी करायच्या मिषानं मागंमागं चालायचे आणि नसीमा गप्प झाली की न राहवून विचारायचे, "मंग त्या राक्षसानं काय केलं?"

"कोणता राक्षस जी? बांधावरचा का टीवीतला?" नसीमा विचारायची, आणि बाया कमरेला बांधलेल्या कापसाच्या ओटीत तोंड खुपसून हसायच्या.

मजुरी वेचलेल्या वजनावर, आणि गोष्ट सांगताना हात मंदावतोच. म्हणून एक रीत आपोआप पडली होती. संध्याकाळी कापूस काट्यावर न्यायच्या आधी प्रत्येक बाई आपल्या ओटीतली एक मूठ नसीमाच्या गाठोड्यात टाकायची. कोणी ठरवलं नव्हतं, कोणी मागितलं नव्हतं. नसीमाही नाही म्हणायची नाही, उलट एखादीनं चिमूटभर टाकलं तर म्हणायची, "अवं, वज्रिका का उपाशी मरन एवढ्यात?"

पहिल्या वेचणीला तर गंमतच झाली. इकडं सीतादही केल्याशिवाय कोणी बोंडाला हात लावत नाही. माणिकरावांच्या अन्नपूर्णाबाईंनी पऱ्हाटीच्या बुडाशी दहीभात ठेवला, हळदकुंकू वाहिलं, सीतामाईचं नाव घेऊन चारी दिशांना दही शिंपडलं. तेवढ्यात कौतिकाबाई म्हणून एक म्हातारी पुढं झाली आणि हात जोडून म्हणाली, "अन् वज्रिकामायचंबी नाव घ्या. तिले मरण नाही म्हणतेत, तं पऱ्हाटीलेबी नको." ती म्हातारी वज्रिकेला खरीच देवी समजून बसली होती. अन्नपूर्णाबाईंना टीव्हीतलं काही ठाऊक नव्हतं, त्यांनी मुकाट्यानं तेही नाव घेतलं. नसीमाची मात्र पंचाईत. हसावं की तौबा करावी तिला कळेना. कौतिकाबाईला समजवायला जावं तर म्हातारी वाद घालणार, "मंग ती उडते कशी?"

या सगळ्या हसण्याखिदळण्यात एक पोर होती जी हसत नसे. पुष्पांजली. तानुबाईची सून.

तिचा नवरा भागवत मागच्या हंगामात गेला. फवारणीचं औषध घेतलं त्यानं. वावर लाल्या रोगानं लाल पडलं होतं हे खरं, पण लाल्या तर साऱ्या गावावर आला होता. पेपरवाले येऊन फोटो काढून गेले, सरकारी माणसं येऊन काय काय विचारून गेली. भागवत असं का करून बसला ते मात्र कोणालाच समजलं नाही. सकाळी बायकोची थट्टा करून वावरात गेलेला माणूस! लग्नाला पुरती दोन वर्षं झाली नव्हती. पुष्पांजली त्या दिवशी रडली नाही, दहाव्याला रडली नाही, पुढंही नाही. नुसती बघत राहायची. शेगावजवळच्या माहेराहून भाऊ न्यायला आला तर त्याच्याबरोबरही गेली नाही.

तानुबाईनं त्या दिवसापासून सुनेला एकटं सोडलं नाही. घरातलं औषध कुठल्या कुठं नेऊन टाकलं, दोर शेजाऱ्याच्या गोठ्यात ठेवायला दिला, विहिरीवर स्वतः गेली. गुडघ्यांनी तिला वेचणी जमत नव्हती. म्हणून हंगाम लागला तेव्हा ती पुष्पांजलीचा हात धरून नसीमाकडं आली.

"नसीमा, घरात मी हाव. वावरात तू पाह्यजो," ती म्हणाली. "तुह्या नजरेआड होऊ देऊ नको. एक गेला तो गेला. हे लेकरू तरी राहू दे मले."

नसीमानं पुष्पांजलीला आपल्या शेजारचा तास दिला. पहिले काही दिवस ती पोर यंत्रासारखी वेचत राहिली. मग एक दिवस, वज्रिका नवऱ्याच्या शोधात समुद्राच्या तळाशी गेली त्या दिवशी, पुष्पांजलीनं वेचता वेचता मान न उचलता विचारलं, "सापडला का?"

नसीमानं वळून तिच्याकडं पाहिलं. वर्षभरात पोरीनं पहिल्यांदा काही विचारलं होतं. "नाई सापडला," ती म्हणाली, "पण ती थांबली नाही."

त्या दिवसापासून पुष्पांजली रोज विचारू लागली. दुपारी भाकरीचा तुकडा मोडू लागली. तानुबाई संध्याकाळी सुनेचं तोंड बघून नसीमाला दुवा देऊ लागली. नसीमा घरी जाऊन बॅटरीच्या तारा जोडायची तेव्हा मालिकेचा शौक राहिला नव्हता, एका जिवाची जोखीम होती.

आणि मग टीव्हीवाल्यांनी घात केला.

मालिका चालत नव्हती म्हणे. मुंबईतल्या कुणाला पटली नाही, मोठ्या मालिकेसारखा पैसा ओढत नव्हती, काय असेल ते. चारसहा महिन्यांचं पोर ते, गळा दाबला त्याचा. एका संध्याकाळी नसीमा बसली तर अर्ध्या तासात सगळं आटोपलं. इतकी युगं न सापडलेला नवरा दोन मिनिटांत सापडला, कालकेश एका बाणात मेला. नवरा मरायला टेकलेला. वज्रिकेनं आपल्यातलं अमृत देवांना परत केलं, नवऱ्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि त्याच्यासोबत अग्नीत गेली. वर आकाशात दोन तारे चमकले. खाली नावं सरकायला लागली.

रहेमतुल्ला ताटावरून म्हणाला, "क्या हुआ? खतम?"

"मर गई," नसीमा म्हणाली.

"मरनेवाली नहीं थी ना वो?"

"वहीच तो!" नसीमा इतक्या जोरात ओरडली की मदिहा चुलीपासून धावत आली.

तिला टीव्हीवाल्यांचा असा संताप आला की बस. अरे, कशाला थाप मारली होती मग मरण नाही म्हणून? सारा जन्म शोधायला लावायचं आणि सापडला की जळायला पाठवायचं? पण रागापेक्षा भीती मोठी होती. उद्या तासात पुष्पांजली विचारणार, सापडला का? आणि नसीमानं काय सांगायचं? सापडला पोरी, आणि ती त्याच्यामागं गेली?

दुसऱ्या दिवशी ती वावरात पोचली तेव्हा तिनं काही ठरवलं नव्हतं. बाया तासाला लागल्या. पुष्पांजलीनं विचारलं. नसीमा सांगू लागली, नवरा सापडला, राक्षस मेला, नवऱ्यानं डोळे मिटले, अग्नी पेटला, वज्रिका अग्नीच्या काठावर जाऊन उभी राहिली. बायांचे हात थांबले. पुष्पांजलीचा हात बोंडावर तसाच राहिला.

"अन् मांगून कोणी तरी हाक मारली," नसीमा म्हणाली.

"कोणं?" दोघीतिघी एकदम.

कोणं ते नसीमालाच ठाऊक नव्हतं! तिनं इकडंतिकडं पाहिलं. बांधापलीकडं कोणाच्या तरी शेळ्या चरत होत्या.

"एक म्हातारी होती," ती म्हणाली. "शेळ्या राखणारी. ती म्हणे, पोरी, माही एक शेळी व्यायले झाली, माह्या हातानं होत नाही, जरा ये."

"बाप्पा! अन् गेली?"

"गेली. काय करतं मंग? शेळी का थांबते?"

अशी ती म्हातारी गोष्टीत घुसली आणि तिथंच मुक्काम ठोकून बसली. वज्रिका तिच्या झोपडीत राहू लागली. शेळ्या वळू लागली, पाणी भरू लागली, कधी चिडू लागली. टीव्हीत तिचे दागिने असायचे, नसीमानं ते एकेक करून उतरवले. पुढं भारनियमन उठलं, वीज यायला लागली आणि बाया म्हणू लागल्या, आमच्या टीवीत काऊन दिसत नाही, तेव्हा नसीमानं सांगितलं की मालिका दुसऱ्या चॅनेलवर गेली, ते केबलवर येत नाही, फक्त आमच्या छत्रीला पकडते. थाप मारताना तिनं छताकडं हात करून अल्लाची मनातल्या मनात माफी मागितली.

एक गोष्ट मात्र तिच्यानं होईना. संध्याकाळी बाया मूठ टाकायला आल्या की ती गाठोडं मागं ओढायची. टीव्हीतलं सांगितलं त्याची मूठ घेतली, ती कष्टाची. आपल्या मनचं खोटं सांगून बायांच्या ओटीतला कापूस घ्यायचा म्हणजे हराम. ती म्हणायची, "राहू द्या व, यंदा माह्या हाताले वेग आला हाय." बायांना वाटलं भाबीला काही तरी राग आला. कौतिकाबाई तर दोन दिवस समजूत काढत होती. नसीमाला वाटलं, चला, निभावलं.

पण पुष्पांजली बघत होती.

असा बराच हंगाम गेला. पहिली वेचणी झाली, दुसरी झाली, पऱ्हाटीवर फरदडीची, म्हणजे शेवटच्या बहराची, थोडी बोंडं राहिली. एका दुपारी केबलवाला अकील वावराशेजारच्या खांबावर तार ओढायला चढला होता. बाया बांधावर भाकरी खायला बसल्या होत्या. कौतिकाबाईनं खालूनच त्याचा उद्धार सुरू केला. "काऊन बे अकील, पैसे घेतं अन् वज्रिका दाखवत नाई? एकट्या भाबीच्याच घरी दिसते ते?"

अकील वरून हसला. "कोणती? ती उडणारी? अवं आजी, ते कवाच बंद पडली! कोणी पाहतच नव्हतं."

"तुही केबलच बंद पडली असन!" कौतिकाबाई ठणकावून म्हणाली. "बायाईच्या गोष्टीत तोंड घालतं मोठा!"

पण बाकीच्या बायांनी एकमेकींकडं पाहिलं आणि मग नसीमाकडं. नसीमानं भाकरीकडं पाहिलं. बाया शहाण्या होत्या. एकेक करून उठल्या आणि आपापल्या तासाला लागल्या. पुष्पांजली उठली नाही.

"मले मालूम होतं," ती म्हणाली.

नसीमानं हातातला तुकडा खाली ठेवला.

"तुमी मूठ घ्यायची सोडली त्या दिवशीच मले शक आला. अन् ते शेळ्यावाली म्हातारी! भाबी, टीवीवाल्याईच्या म्हाताऱ्या कवा शेळ्या राखतेत का?"

"पुष्पा, मी तुह्या भल्यासाठी..."

"सारेच माह्या भल्यासाठी!" पुष्पांजलीचा आवाज चढला. तो आवाज नसीमानं कधी ऐकला नव्हता. "आत्याबाईनं दोर लपवला. औषध लपवलं. मी न्हायले गेली तं बाहेर उभ्या राह्यतेत, हाका मारतेत. त्याईचं नाव घरात कोणी घेत नाही, त्याईचा शर्ट कुठी लपवला ते मले मालूम नाही. लोक मले पाहून बोलनं थांबवतेत. एक तुमची गोष्ट होती, भाबी. त्यात कोणी माह्यापासून काही लपवत नव्हतं. राक्षस तं राक्षस, मेलं तं मेलं. अन् तुमीबी लपवलं."

नसीमाला वाटलं, कोणी तरी कानाखाली वाजवली. इतके दिवस ती जे पुण्याचं काम म्हणून करत होती, ते या पोरीच्या अंगावर आणखी एक कुलूप होऊन पडलं होतं.

"सांगा," पुष्पांजली म्हणाली. "काय झालं तिचं?"

तानुबाईचा चेहरा नसीमाच्या डोळ्यासमोर आला. सांगावं तर काय होईल? आणि आता परत खोटं बोललं तर या पोरीला जगात खरं सांगणारं कोण उरेल? तिनं पाण्याचा घोट घेतला आणि सांगितलं. होतं तसं, जराही न सजवता. अमृत परत दिलं. त्याचं डोकं मांडीवर घेतलं. अग्नीत गेली. दोन तारे.

पुष्पांजली ऐकत होती. अकील खांबावरून उतरून, फटफटीला किक मारून निघून गेला.

"त्यानं थांबवलं नाही तिले?" तिनं विचारलं.

"नाई. त्याचे डोळे मिटले होते."

"पण भेटली तं खरी. त्याच्या तोंडाकडं पाहाले तं भेटलं." पुष्पांजली म्हणाली. "मले काई सांगितलं नाही, भाबी. सकाळी म्हणे, भाजीत मीठ जास्त झालं, वज्र पडो तुह्या हातावर, अन् हासले, अन् गेले. जे काय होतं ते मले सांगा लागत होतं ना? मी का परकी होती? मले इचारलं बी नाही, इचारलं बी नाही..."

आणि ती फुटली. वर्षभर अडलेलं सगळं एकदम बाहेर आलं. ती बांधावर आडवी होऊन, मूठमूठ माती धरून रडत होती आणि भागवतला शिव्या देत होती. नसीमानं तिला मिठीत घेतलं आणि तीही रडू लागली. तासातल्या बायांनी वळून पाहिलं. कोणी जवळ आलं नाही. माणिकराव बांधाच्या त्या टोकाला येऊन उभे राहिले, काही तरी विचारायला तोंड उघडलं, मग टोपी काढली, परत घातली आणि मागं फिरले. एवढं भान त्या माणसाला होतं हे त्या दिवशी सगळ्यांना समजलं.

संध्याकाळी नसीमानं पुष्पांजलीला घरी सोडलं आणि तानुबाईला सगळं सांगितलं. "काऊन सांगितलं व माय? काऊन?" एवढंच तानुबाई म्हणाली. घरी येऊन नसीमानं चूल पेटवली नाही, टीव्हीला हात लावला नाही. रहेमतुल्लानं विचारलं तर म्हणाली, "मुझसे गलती हो गई तो?" तो तिच्याजवळ बसून राहिला.

सकाळी बाया नेहमीच्या जागी, चावडीपाशी जमल्या. पुष्पांजली नव्हती. नसीमा थोडा वेळ थांबली, उन्हं वर आली. मग डबा तिथंच टाकून ती पळत सुटली. या वयात, अख्ख्या गावादेखत, पदर खांद्यावरून घसरलेला, अल्लाचं नाव घेत.

तानुबाईच्या घराचं दार उघडं होतं. ओट्यावर तानुबाई बसलेली, डोळे सुजून लाल झालेले. नसीमा दारातच थांबली.

"पुष्पा?" तिनं विचारलं.

तानुबाईनं तोंडावर बोट ठेवलं आणि आत दाखवलं. नसीमानं डोकावलं. पुष्पांजली वाकळेवर कुशीला झोपली होती. तोंड उघडं, लहान पोरांसारखी घोरत होती.

"उठवू नको," तानुबाई दबक्या आवाजात म्हणाली. "कालपासून रडली अन् बोलली. त्याचं नाव घेतलं तिनं. मंग मीबी घेतलं. माह्या भागवतचं नाव माह्याच घरात मी वर्षभर तोंडातून काढलं नव्हतं, नसीमा. त्याचा शर्ट काढून दिला तिले. तं तो कवळून झोपली. वर्षभरात अशी झोपली नव्हती व लेकरू. मी पाहत होती ना, डोळे उघडे ठेवून पडायची."

नसीमा भिंतीला टेकून खाली बसली. म्हणाली, "झोपू द्या. मी आज वावरात जात नाही. हितंच बसते तिच्यापाशी, तुमी जराशा पडा."

"काऊन बसतं?" तानुबाई उठली. तिनं खुंटीवरचं फडकं काढलं आणि कमरेला ओटी बांधायला लागली. "चाल. तिचा तास आज मी धरते."

"तुमचे गुडघे..."

"राहू दे गुडघे."

"अन् ती? एकलीच?"

तानुबाईनं दार ओढून घेतलं. सवयीनं तिचा हात बाहेरच्या कडीकडं गेला, कडीला लागला, तिथं थोडा वेळ राहिला. मग तिनं तो काढून घेतला.

"हाव," ती म्हणाली. "एकलीच."

दोघी गल्लीतून निघाल्या. तानुबाई लंगडत होती, तरी भराभरा चालत होती. नसीमाला राहवेना. कोपऱ्यावर तिची मान वळायला लागली तसा तानुबाईनं तिचा दंड घट्ट धरला.

"मांगं पाहू नको, नसीमा," ती म्हणाली. "तू पाह्यलं तं मीबी पाहीन."